साखर उलटली

दहिवली, कर्जत
१२ जानेवारी २०२५

प्रिय हर्षला,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, फार मनावर घेऊ नकोस. फोन न करता पत्र का, तर फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला वाजतं आणि मग आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. देवेशच म्हणाला, लिहून पाठव, लिहिताना समोरची मधे तोंड घालत नाही. वकिलाकडे कारकून असलेल्या नवऱ्याचा एवढाच काय तो उपयोग.

तुझं निमंत्रण पोचलं. दोन मार्चला खालापुरात सभा, विषय ‘उलटण्याचा दर : निरनिराळी शास्त्रं तो कसा मोजतात आणि त्याचा अर्थ काय लावतात’. डॉक्टर येणार, कायदेवाले येणार, दगड तपासणारे येणार, आणि भाताच्या बाजूने मी एक पानभर टिपण द्यायचं. बोलायचं नाही हं, नुसतं टिपण. बोलायला बहुधा पीएचडी लागत असेल.

तर घे टिपण. हायब्रीड भाताचं बी करायला एक वांझ ओळ, म्हणजे वाण म्हण, लागते. तिच्या फुलात पराग धरता कामा नये, म्हणजे शेजारच्या ओळीचा पराग घेऊन ती संकरित बी देते. आता ही वांझ ओळ कधीकधी उलटते. गारठा पडला की तिला पराग धरायची हुक्की येते. मग आम्ही रोज सकाळी फुलं उमलायच्या आत शेतात जातो, प्रत्येक रोपाचं फूल काढतो, काचेवर चुरडतो, वर आयोडीनचा थेंब. पराग काळानिळा दिसला की रोप उलटलं. मेलेलं रोपसुद्धा आम्ही एकूणात धरतो. नोव्हेंबरात मी चार हजार रोपं तपासली. अकरा उलटली. हजारात तीनसुद्धा नाहीत. साहेबांनी ओळच काढून टाकली. नऊ वर्षं सांभाळली होती गं मी ती.

आणि तुझ्याकडे? तुझ्याकडे मधुमेह असलेल्या शेकडा अठ्ठावन्न बायांची साखर उलटली म्हणून चौक गावच्या नाक्यावर बॅनर. देवेशने फोटो काढून आणला. मधोमध माझी आई. ‘औषधाविना साखर उलटवली! इंदूबाई, वय ६४’. शेजारी तू, तिच्या खांद्यावर हात टाकून.

अकरा वर्षं मी तिला सांगत होते, आई, भात कमी कर, चहात तीन चमचे नको. अकरा वर्षं तिने मला ‘व्हय व्हय’ केलं. तू एकदा सांगितलंस आणि तिने भात सोडला. भाताच्या शेतावर नोकरी करणाऱ्या लेकीच्या घरात बसून तिने भात सोडला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. माझ्या पोटात दुखतं, हर्षला, उगाच खोटं कशाला लिहू.

नम्रता

—

खालापूर
२० जानेवारी २०२५

ताई,

तुझ्या टिपणातले टोमणे वगळून बाकीचं दोनदा वाचलं. टोमणे तीनदा वाचले. सभेत बोलशील का? मला वाटलं तू नाही म्हणशील, म्हणून टिपण मागितलं. माझंच चुकलं.

आमचं मोजमाप असं. औषधाशिवाय तीन महिने एचबीएवनसी, म्हणजे रक्तातली सरासरी साखर, साडेसहा टक्क्यांच्या खाली राहिली की आम्ही ‘उलटली’ लिहितो. दोनशे बारा बाया आल्या, नव्वद मधेच सोडून गेल्या, राहिलेल्या एकशे बावीसपैकी एकाहत्तर जणींची उलटली. शेकडा अठ्ठावन्न. सोडून गेलेल्या धरल्या तर शेकडा तेहतीस. दोन्ही आकडे अहवालात आहेत. बॅनरवर एकच लागला, तो मी लावला नाही.

भावोजींना विचारलं तर ते म्हणाले, कोर्टात निकाल फिरण्याचा दर काढतात तो वर अपिलात गेलेल्या निकालांतलाच. जो हरून गप घरी बसला, तो त्या हिशेबात येत नाही. आणि माझ्या शेजारी किरण राहते, ती घाटातले काळे दगड तपासते. पृथ्वीची उत्तर-दक्षिण मागे कितीदा उलटली त्याची खूण त्या दगडांत असते म्हणे. तिच्याकडे उलटणं म्हणजे ना चूक, ना यश. नुसती काळाची नोंद. मला तिचा हेवा वाटतो. तुझ्याकडे एक रोप उलटलं तर पाप, माझ्याकडे एक बाई उलटली तर टाळ्या, आणि तिला कुणी काही म्हणत नाही.

तुझ्या आईचं म्हणशील तर मावशीने माझा शब्द एकदाही मोडला नाही. अशी पेशंट मला दुसरी मिळाली नाही. आता वर्षभराने वनिता, आमची आरोग्यसेविका, सगळ्या एकाहत्तर जणींना फोन करून विचारणार आहे. रक्त पुन्हा तपासायला बाया येत नाहीत, भात-भाजीपाल्याची कामं असतात, म्हणून फोनवरच.

हर्षला

—

(हे पत्र टाकलेलं नाही. एकवीस तारखेच्या पत्राबरोबर पाठवत आहे. न.)

दहिवली
३ फेब्रुवारी २०२५

हर्षला,

आज माझी रजा होती. साडेदहाला तुमच्या वनिताचा फोन आला. आई ओटीवर बसून घेवडा सोलत होती, फोन मोठ्या आवाजावर, मी आतल्या दारात. वनिताने विचारलं, ‘काकी, वर्ष झालं, साखर उलटली ना?’ आईने हातातली शेंग सोलून टाकली. मग खाली मान घालून म्हणाली, ‘उलटली गं बाय.’

वनिता म्हणाली, ‘अरे वा, अभिनंदन काकी!’ आणि फोन ठेवला.

कळतंय का तुला? आपल्याकडे ताप उलटला म्हणजे काय? गेलेला ताप परत आला. लहानपणी तुझी कावीळ उलटली तेव्हा आई काय म्हणत रडली होती? आईने खरं सांगितलं. साखर परत आली, असं सांगितलं. आणि तुमच्या बाईने फॉर्मवर खूण केली, यशस्वी.

परत आली आहे हे मला पंधरा दिवस माहीत आहे. मोरीत मुंग्या लागतात. तांब्यावर तांबे पाणी पिते. शेजारणीच्या मशीनवर बोट टोचून बघितलं, दोनशे शहाऐंशी. म्हटलं, गोळ्या चालू कर. तर म्हणते, ‘हर्षलाला इचारल्याबिगर नाय.’ म्हटलं, मग विचार तिला. तर ते पण नाही, लाज वाटते. पोरीचं नाव खराब व्हईल, म्हणते. माझ्या हातची गोळी घेतली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही. गोळीसुद्धा तुझीच पाहिजे.

तर मी आता काय करणार आहे ते ऐक. मी गप्प बसणार आहे. दोन मार्चला तू सभेत उभी राहून आकडे सांगशील, आणि मग मी उठून सगळ्यांसमोर सांगेन की बॅनरवरची ही बाई उलटली, पण कुठल्या बाजूला ते विचारा. माझ्या अकरा रोपांसाठी ओळ फेकली गेली. तुझंही एक रोप बघू दे लोकांना.

फक्त सत्तावीस दिवस आहेत.

नम्रता

—

दहिवली
५ फेब्रुवारी २०२५

हर्षला,

सभेला येते. बोलेन पाच मिनिटं. आई ठणठणीत आहे, तिला काय धाड भरलीय.

तू सोडून गेलेल्या नव्वद जणी काढून टाकल्यास हे मला पटलेलं नाही. आमच्याकडे असं केलं तर नोकरीवरून काढतील. पण तुझं लहानपणापासून तेच. तुझी आई, जनीमावशी, गेली आणि तू नऊ वर्षांची कशेळ्याला आमच्याकडे आलीस, तेव्हापासून मी मोजतेय. आई एकदा नाही म्हणाली की माझ्यासाठी ते नाहीच असायचं. तुझ्यासाठी फिरायचं. शाळेची सहल, नाही म्हणाली, तू डोळे भरलेस, फिरली. गॅदरिंगचा नाच, फिरली. पुण्याला शिकायला जायचं, पोरीला एवढ्या लांब नाही म्हणाली, आठ दिवसांत फिरली. असं सात वेळा झालं, मी मोजलंय. माझ्या बाबतीत शून्य. मी कर्जतच्या पुढे गेले नाही ती याच्यामुळे. हा दर घे तुझ्या सभेत.

नम्रता

—

खालापूर
१२ फेब्रुवारी २०२५

ताई,

तू येणार म्हणून बरं वाटलं. पहिली बातमी: वनिताने एकाहत्तर जणींना फोन केले. सहासष्ट जणी म्हणाल्या, उलटली. वर्षानंतर शेकडा त्र्याण्णव. मी ते तीनदा मोजलं. मावशी त्यात आहे. तिला व्यासपीठावर बसवायचं ठरलंय. गाडी पाठवते.

आता तुझे सात. भावोजी जे कोर्टाचं म्हणाले तेच तू केलंयस. जे मी मागितलं आणि मिळालं, तेवढंच तू मोजलंस. जे मी मागितलंच नाही ते तुझ्या हिशेबात नाही. आठवीत मला फळा दिसत नव्हता. कितीतरी दिवस कुणाला बोलले नाही, कारण तुला तेव्हा टायफॉइड होता आणि मावशी तुझ्या उशाशी होती. पायात काच गेली ती मीच सुईने काढली. अशा किती गोष्टी असतील मलाही आठवत नाही. तू अपील करत नव्हतीस ताई, तुला गरज नव्हती. तुझं घर होतं ते.

तुला हेवा वाटतो ना माझा? मग ऐक. तुझ्याशी मावशी भांडते. तुझ्या नाकावर टिच्चून चहात साखर घालते, तुला उलट बोलते, दोन दिवस अबोला धरते. माझ्यावर तिने सव्वीस वर्षांत एकदा आवाज चढवला नाही. पाहुणीवर कोण ओरडतं? मला कुणीतरी ओरडावं म्हणून मी एकदा मुद्दाम दुधाचं पातेलं सांडलं होतं. ती म्हणाली, ‘राहू दे गं बाय, पुसते मी.’ मी त्या दिवशी जेवले नाही.

हर्षला

—

कर्जत, दवाखान्यातून
२१ फेब्रुवारी २०२५

हर्षला,

आईला काल दाखल केलं. सभेसाठी म्हणून तिने बाजारातून नव्या चपला आणल्या होत्या, घरात घालून सवय करत होती. डाव्या पायाला फोड आला, तो तिने मला दाखवला नाही. काल पायपुसण्यावर डाग दिसला म्हणून पाय ओढून बघितला, तर दोन बोटं काळी. साखर चारशे बारा. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं जाणारच, पाऊल वाचतं का ते तीन दिवसांनी सांगतो.

फोन करायला हात उचलत नाही, आणि टपालाने चार दिवस लागतील, म्हणून देवेशबरोबर पाठवतेय. तो तुझ्या हातात देईल. सोबत तीन तारखेला लिहिलेलं आणि न टाकलेलं पत्र आहे. आधी ते वाच. वाचून झालं की पुढचं वाच.

वाचलंस? मी अठरा दिवस गप्प बसले. तुला सभेत तोंडघशी पाडायचं होतं मला. आई मधे असेल हे दिसत नव्हतं असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. दिसत होतं. मला वाटलं, सत्तावीस दिवसांनी काय होतंय.

तुझी सभा, तुझे आकडे, काय करायचं ते कर. पण ‘उलटली’ हा शब्द आधी काढ त्या फॉर्मवरून. तुझ्या सहासष्ट जणींतल्या किती जणी आईसारखं म्हणाल्या असतील, मला माहीत नाही. हे मला आज सुचलं. अठरा दिवसांत सुचलं नव्हतं.

नम्रता

—

खालापूर
५ मार्च २०२५

ताई,

दवाखान्यात दोन दिवस मी मावशीजवळ बसले आणि तू बाहेर बाकावर. बोलायला आलीस तेव्हा मी तोंड फिरवलं. आता लिहिते, म्हणजे मधे रडू आलं तरी कुणाला दिसत नाही.

आधी माझी चूक. तो शब्द मी निवडला. बायांना सोपा जाईल म्हणून. कशेळ्यात वाढलेली मी, ताप उलटणं मला माहीत नव्हतं असं नाही. पण दहा वर्षं अहवालात ‘उलटवणे’ लिहून लिहून माझ्या कानात एकच अर्थ उरला होता. वनिताला यात कुणी बोल लावू नये, ती फॉर्ममध्ये होतं तेच वाचत होती.

सहासष्ट जणींना मी स्वतः फोन केले. या वेळी विचारलं, साखर परत वाढली का, थेट असंच. तेवीस जणी म्हणाल्या, तेच तर सांगितलं होतं बाई त्या दिवशी. त्यातल्या नऊ जणी गोळ्यांशिवाय होत्या, कारण ‘अभिनंदन’ ऐकल्यावर त्यांना वाटलं आमच्याकडे साखर परत येण्यालाच चांगलं म्हणत असतील, तपासणारे शिकलेले आहेत. पळसदरीच्या एका बाईला डोळ्यांनी अंधुक दिसायला लागलंय. सभेत मी हेच सांगितलं. त्र्याण्णव आकडा दाखवला आणि त्याच्यावर काट मारली. तुझी चार हजार रोपंही सांगितली, मेलेली धरून मोजलेली. तुझं नाव घेतलं.

आता तुझं. मला सभेत पाडायचं होतं, ते मी समजू शकते. तुझ्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं, एवढा हेवा मलाही वाटतो. पण तू ऐकलंस ते तीन तारखेला. त्या अठरा दिवसांत ती एकटी मावशी नव्हती. तेवीस बाया होत्या. तुला फक्त मी दिसले.

हे मी माफ केलेलं नाही. पुढे करेन का माहीत नाही. मावशीचा पाय कसा आहे तेवढं कळव.

हर्षला

—

दहिवली
१६ मार्च २०२५

हर्षला,

पाऊल वाचलं. दोन बोटं गेली. काठी धरून ओटीपर्यंत येते. साखर एकशे चाळीसच्या आसपास आहे, गोळ्या माझ्या हातून घेते, तुझं नाव न काढता.

माफी मागत नाही. तू लिहिलंस ते खरं आहे, तेवढं कबूल करायला हे पत्र. तेवीस बाया मला दिसल्या नाहीत. अजूनही पहिल्यांदा मनात येतं ते हेच की दवाखान्यात आईने हात धरला तो तुझा, आणि डबा मी आणत होते. असली मी आहे. लिहून टाकलं म्हणजे निदान तुला ठाऊक असेल की मी कुठे उभी आहे.

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, ती माझ्याने एकटीने पेलत नाही. काल ड्रेसिंग करताना मी आईला सगळं सांगितलं. फोन मी ऐकला होता, वनिताला ती काय म्हणाली ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि तुला पाडायचं म्हणून मी गप्प बसले. मला वाटलं ती ओरडेल. पाय ओढून घेईल. मी तयार होते.

तिने पाय ओढला नाही. मग म्हणाली, ‘मला म्हाईत व्हतं तू दारात हायस ते. पदर दिसला तुझा.’

मी म्हटलं, मग?

म्हणाली, ‘मला लाज वाटत व्हती तिला सांगायची. वनिताला उलटंच समजलं, तरी मी गप र्‍हायले. म्हटलं नमी हाय ना. नमीच्या पोटात काय र्‍हात नाय. आज नाय तर उद्या हर्षलाला सांगंलच. मी रोज वाट बघत व्हते गं तिच्या फोनची.’

आणि पाय माझ्या मांडीवर तसाच ठेवून ती भिंतीकडे बघत बसली. मी पट्टी बांधली. सैल बसली, ती सोडून पुन्हा बांधली.

नम्रता